माझे टोक थंड होते तेव्हा

मी एक जुने लेझर मशीन आहे. बडोद्यात लहरीपुऱ्याजवळच्या एका पार्लरच्या मागच्या खोलीत, टॉवेलांच्या ढिगाशेजारी उभे असते. मित्रांनो, तुम्ही कधी तिकडे आलात तर माझ्याकडे बघू नका. कोणाला दाखवावे असे तोंड मला राहिलेले नाही.

माझे काम दिसायला सोपे, पण नाजूक. नको असलेल्या केसांच्या मुळाशी मी उजेड सोडते. तो काळा रंग शोधत जातो, केस तापतो आणि मूळ सुकते. पण केसाचा काळेपणा आणि उन्हाने रापलेल्या कातडीचा काळेपणा यांतला फरक त्या बिचाऱ्या उजेडाला कळत नाही. म्हणून मला बनवणाऱ्यांनी माझे टोक गार राहील अशी सोय केली. माझ्या पोटात स्वच्छ पाणी फिरते आणि त्या गारव्याने वरची कातडी सांभाळली जाते. पाणी बिघडले, टोक तापू लागले, की मी मोठ्याने टूं टूं करत असे. माणसांशी बोलायला मला तेवढा एकच आवाज दिलेला होता.

कारखान्यातून निघाले ते थेट कारेलीबागेत डॉक्टर कौशल्या माने यांच्या दवाखान्यात आले. त्या त्वचारोगाच्या डॉक्टर. आलेल्या माणसाला खुर्चीत बसवायच्या आधीच त्यांचे प्रश्न सुरू होत. उन्हात किती फिरता, कुठली गोळी चालू आहे, चेहऱ्याला काय काय चोपडता? मग कानामागे माझा एक छोटासा ठिपका देऊन त्या माणसाला घरी पाठवत आणि कातडीला सोसले तरच पुढचे काम करत. लोक वैतागायचे.

"अहो डॉक्टरबेन, लग्न तोंडावर आलंय!"

"मग आधी लग्न उरकून घ्या. केस कुठे पळून चाललेत?"

मला हसता येत नाही, नाहीतर तेव्हा खूप हसले असते. माझे पाणी त्या स्वतः बदलत. त्यांचे घराणे जुन्या संस्थानी फौजेतले. खंडेनवमीला घरी तलवारीची पूजा आटोपली की त्या दवाखान्यात येत, मला झेंडूची माळ घालत, कुंकू लावत. त्या दिवशी मला वाटे, आपणही कोणाच्या तरी उपयोगाचे आहोत.

पुढे त्यांचे हात थरथरू लागले. त्यांनी दवाखाना बंद केला आणि जुने सामान घेणाऱ्या एका माणसाला मला विकून टाकले. त्याच्याकडून मी मोहनाबेनच्या पार्लरमध्ये आले.

मोहनाबेन वाईट बाई नाही, हेही सांगायला हवे. दिवसभर उभी राहून आयब्रो करणारी, बोलण्यात गोड, कष्टाला वाघीण. मला चालवायला मात्र ती मोबाइलवरचे व्हिडिओ बघून शिकली. माझ्या पोटात तिने नळाचे पाणी भरले. काही दिवसांत ते हिरवे झाले, टोक कोमट पडू लागले, आणि मी ओरडू लागले. मी ओरडले की खुर्चीतल्या बायका दचकून उठत. मग तिने इलेक्ट्रिशियनला बोलावून माझा आवाजच तोडून टाकला. "हाश, आता शांती!" असे म्हणून तिने त्याला चहा पाजला.

नवरात्र जवळ आले. बडोद्यात या दिवसांत पार्लरमध्ये पाय ठेवायला जागा नसते. त्या गर्दीत मिताली आली. कॉलेजात जाणारी, गोड गळ्याची पोरगी. यंदा प्रथमच मांडवातल्या स्टेजवर ती गरबा गाणार होती. हनुवटीवरच्या केसांवरून तिला कोणीतरी चिडवले होते. एनसीसीच्या कॅम्पहून ती नुकतीच परतली होती आणि उन्हाने तिचा चेहरा चांगलाच रापला होता. डॉक्टरबाईंनी तिला दारातूनच परत पाठवले असते. इथे तिला कोणी काही विचारले नाही. कानामागचा ठिपकाही कोणी दिला नाही.

"मोहनामावशी, फार दुखतं का गं?"

"कंई नहीं थाय, काही होत नाही, बेटा! जरासा चटका, बस. मग स्टेजवर बघ कशी चमकतेस!"

माझे कोमट टोक तिच्या हनुवटीला लागले. मला ओरडायचे होते. आवाज नव्हता. मोहनाबेनने बटण दाबले आणि मी माझे काम केले. मिताली किंचाळली. जळका वास आला, आणि तो केसांचा नव्हता. मोहनाबेनने घाईघाईने कोरफडीची जेल लावली, सकाळपर्यंत उतरेल म्हणाली. मितालीने ओढणी तोंडाभोवती गुंडाळली आणि मान खाली घालून निघून गेली. इथे स्कूटरवरच्या सगळ्याच मुली ओढणीची अशी बुकानी बांधतात. त्यामुळे तिच्याकडे कोणी वळूनही पाहिले नाही.

नंतरचे दिवस माझे फार वाईट गेले. रोज बाहेरून गरब्याचे आवाज येत आणि त्यात एक गळा नाही, हे मला ठाऊक होते.

खंडेनवमीला मोहनाबेनने मलाही माळ घातली. कुंकवाचे बोट लागताच मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. शेवटच्या रात्रीसाठी बाहेर मुली ताटकळत होत्या. तेवढ्यात मिताली, तिची आई नयना आणि काठी टेकत डॉक्टर कौशल्या माने आत आल्या. मितालीची बुकानी अजून बांधलेलीच होती.

"नऊ दिवस ही घरात तोंड बांधून बसली, मोहनाबेन," नयना म्हणाली. "मला म्हणे सर्दी झालीय. गुपचूप टूथपेस्ट लावत होती. काल ताप चढला तेव्हा मी बुकानी सोडली आणि हिला डॉक्टरबेनच्या घरी नेलं. माझी पोर माझ्यापासून लपली हो!"

डॉक्टरबाईंनी मला लगेच ओळखले. त्यांनी माझे टोक हातात घेतले.

"हे गार नाही. आणि पाणी बिघडल्यावर हे ओरडायचं, त्याचं काय झालं?"

"ते... काढून टाकलं, डॉक्टरबेन. क्लायंट घाबरतात ना."

डॉक्टरबाई स्टुलावर बसल्या. "मी हे विकलं तेव्हा कोणाच्या हाती जातंय, एवढंसुद्धा विचारलं नाही," त्या म्हणाल्या. "तुला एकटीला काय बोलू?"

मोहनाबेन पदर तोंडाला लावून रडू लागली. तेवढ्यात पूर्वी नावाच्या एका मुलीने पडद्यातून डोके आत घातले. "आंटी, माझं लेझर आज होईल ना?"

मग मितालीने बुकानी सोडली. हनुवटीपासून गालापर्यंत काळपट, ओली जखम होती. पूर्वीने तोंडावर हात ठेवला.

"मला लाज वाटत होती," मिताली तिला म्हणाली. "वाटलं, लोक हसतील, म्हणतील नटायला गेली आणि भाजून आली. पहिल्याच दिवशी दाखवलं असतं तर एवढं चिघळलं नसतं. तू आधी डॉक्टरांना विचार हां."

ते ऐकून पूर्वी उलट पावली निघून गेली. तिच्यामागे बाकीच्याही गेल्या. डॉक्टरबाईंनी माझा प्लग काढला आणि माझ्या गळ्यातली माळही काढली. जखम भरेल, डाग जायला महिने लागतील, थोडा राहीलही, असे त्यांनी मितालीला खरे तेच सांगितले. जाताना मितालीने ओढणी खांद्यावर टाकली आणि उघड्या चेहऱ्याने रस्त्यावर उतरली.

मित्रांनो, चुकलो आम्ही. डॉक्टरबाई चुकल्या, मोहनाबेन चुकली, आणि जाळले तर मीच. लाजून तोंड मात्र मितालीने लपवले. कोणी तुमच्या चेहऱ्याजवळ असले यंत्र आणले, तर ते चालवायला कुठे शिकलात हे बेधडक विचारा. गर्दी असो, सण असो, उत्तर मिळेपर्यंत खुर्चीत बसू नका. आणि काही बिघडलेच तर त्याच दिवशी आईला सांगा, डॉक्टरांना दाखवा.

झाकायचेच असेल तर मला झाका. इथे टॉवेल पुष्कळ आहेत.