मासोळीच्या धरणावरची शपथ

कोपऱ्यावरच्या दुकानातून बिडीबंडल आणायचं झालं तरी भुजंग मोटारसायकलला किक मारायचा. असा हा माणूस दसरा झाल्यावर एक दिवस आपल्या दोन दोस्तांना म्हणाला, चला, पाठीवर पिशव्या बांधू आणि पालमपासून डोंगरपट्ट्यातल्या तळ्यातळ्यानं चालत मासोळीच्या धरणापर्यंत जाऊ. औंदा तळी काठोकाठ भरलीत, दिवस मावळंल तिथं मुक्काम करू. प्रीतमनं तर लगेच पिशवी काढली. हरिओम मात्र न जायला कारणं शोधायला लागला.

आता का, ते सांगितलंच पाहिजे. भुजंगाची बहीण राजेश्री परभणीला नर्सिंग शिकत होती आणि हरिओमचा जीव तिच्यात अडकला होता. तिचाही याच्यात. जात एक, घरं ओळखीची, लग्नाला तशी आडकाठी कसलीच नव्हती. फक्त भुजंगापाशी विषय काढायचा होता, आणि तेवढंच याच्याच्यानं होईना. रोज ठरवायचा, आज बोलतो. रोज पाऊसपाण्याचं बोलून घरी यायचा. दसऱ्याला राजेश्रीचा फोन आला, घरात कळलंय, मी सांगेपर्यंत फोन करू नको. त्यानंतर ती गप्प. आणि लगेच भावाला चालायची हौस सुटली. संशय येणार नाही तर काय होईल?

पहिल्याच तळ्यावर भुजंगानं पिशवी उपसली आणि सगळ्यात खालून कापडात गुंडाळलेला कोयता निघाला. दिवाळी झाली की हे घर दरसाल ऊसतोडीला जातं, तेव्हा कोयता नवा नव्हता. पण धार नुकतीच लावलेली होती. हरिओमनं विचारलं, हा कशाला आणलास? भुजंग म्हणाला, असावा जवळ. एवढंच. मग बाभळीच्या वाळल्या फांद्या तोडून त्यानं चूल पेटवली, पण हरिओमचं लक्ष भाकरीत कसलं लागतंय.

दुसऱ्या दिवशी सोयाबीनच्या मोकळ्या रानातून चालताना भुजंगानं चौकशा सुरू केल्या. तुज्या मामाचं गाव कोणतं? थोरली बहीण कुठं दिली? बाप रागीट हाय का? तू राग आल्यावर काय करतोस? प्रश्न साधेच, पण हरिओमला वाटलं, आपण पळालो तर कुठं लपू याचाच हा हिशेब करायलाय. त्यानं मामाचं गावच खोटं सांगितलं. सख्ख्या मामाचं गाव! भित्र्या माणसाची अक्कल कुठंवर जाते बघा.

पुढच्या तळ्यावर तर कहरच झाला. हरिओम काठावर उकिडवा बसून राखेनं भगुनं घासत होता. सहज मान वळवली तर भुजंग झाडाआडून त्याचा फोटो काढायलाय. काढला, कुणाला तरी पाठवला आणि फोन खिशात टाकला. थोड्या वेळानं फोन वाजला तसा तो उठून लांब बांधावर गेला. येताना प्रीतमच्या कानाला लागला. प्रीतम हरिओमकडं बघून हसला. म्हणजे हाही फितूर. बालपणीचा दोस्त, एका ताटात जेवलेला, आणि फितूर! हरिओमला इतकं वाईट वाटलं की त्या दिवशी त्याला पाण्यावरचे बगळेसुद्धा बघवेनात. परत फिरावं म्हटलं तर मनातलं चोरटेपण उघडं पडेल, म्हणून गुमान मागं चालत राहिला. भुजंगाच्या टाचेला फोड आला होता, तर त्याचीही पिशवी आपल्याच खांद्यावर घेतली. घाबरला होता, पण माणूस वाईट नव्हता तो.

धरण आलं तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. निळंशार पाणी पार डोंगराच्या पायाला टेकलेलं. भुजंगानं प्रीतमला चहाचं दूध बघायला वस्तीवर पिटाळलं. मग वाटेत घेतलेला ऊस कोयत्यानं सोलत तो हरिओमसमोर बसला. नुसता कोयता चालत होता.

"हरिओम, एक इचारतो. खरं सांग. आमच्या राजेश्रीबद्दल तुज्या मनात काय हाय?"

हरिओमचं सगळं ध्यान कोयत्याच्या पात्यावर.

"कायबी न्हाई," तो म्हणाला. भुजंग बघतच राहिला, तसा हा आणखी घाबरला. "आईची शपथ, भुजंग. मला सख्ख्या बहिणीवानी हाय ती."

भुजंगाचा हात थांबला. त्यानं सोललेलं कांडं हरिओमच्या पुढं ठेवलं, कोयता कापडात गुंडाळला आणि फोन घेऊन धरणाच्या भिंतीवर चालत गेला. तिथं तो पाठमोरा उभा राहून बोलत होता. हरिओमनं ऊस चघळायला घेतला. वाचलो एकदाचा, असंच वाटलं त्याला.

तेवढ्यात प्रीतम दूध घेऊन आला आणि आल्या आल्या म्हणाला, मग, पेढे कधी? हरिओम म्हणाला, कसले पेढे? तेव्हा प्रीतमनं सगळं सांगितलं. राजेश्रीनं दसऱ्याला स्वतःच घरी विषय काढला होता. तिचे वडील बन्सीधरकाका म्हणाले, ऊसतोडीला जायच्या आधी सोयरीक पक्की करू, पण पोरगं कसं हाय ते आधी बघा. चार दिवस संगं ऱ्हावा, संगं खावा, म्हंजी कळतंय. पोराला मात्र सांगायचं न्हाई. म्हणून हा सगळा खटाटोप. फोटो भुजंगाच्या आईला, नर्मदाकाकूला जात होते, आणि भगुनं घासतानाचा फोटो बघून काकू म्हणाल्या होत्या, हेच पोरगं पायजे.

हरिओमनं ऊस तिथंच टाकला. तो भिंतीवरून धावत सुटला. भुजंगानं फोन नुकताच बंद केला होता.

"मी भेलो होतो रे," हरिओम म्हणाला. "तुज्या हातात कोयता होता. खोटं बोललो मी. मला लगीन करायचंय तिच्याशी."

भुजंग चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. त्याचे डोळे भरले होते.

"तुला इचारलं तवा फोन चालूच होता," तो म्हणाला. "ती तिकडून ऐकायली होती. तू हो म्हणशील म्हून मीच तिला फोनवर घेतलं होतं. आन् भेऊन आईची शपथ खाणाऱ्याला मी बहीण कशी देऊ, तूच सांग."

तेवढ्यात हरिओमच्या खिशातला फोन वाजला. इतक्या दिवसांनी राजेश्रीचा मेसेज आला होता.

"भाऊबीजेला घरी या, हरिओमदादा. ओवाळायला ताट करून ठेवते."

त्यानं तो दोनदा वाचला. मग भुजंगाची पिशवी पुन्हा आपल्या खांद्यावर घ्यायला गेला, तर भुजंगानं ती आधीच उचलली होती आणि लंगडत रस्त्याकडं निघाला होता.