आधी हात, मग आवाज

इंटरनेटची लाईन जोडून देणाऱ्या राउटरबाई सकाळी आठच्या ठोक्याला आल्या. खांद्याला बॅग, काखेत लॅपटॉप आणि चेहऱ्यावर अशी शांतता, की आज काही विशेष घडायचंच नाही. ताई मात्र पहाटेपासून घड्याळाकडे बघत होती.

"बाई, हे काम उद्यावर नाही का ढकलता येत?" तिने शेवटचं विचारून पाहिलं.

"नाही हो ताई. नऊ वाजता कंपनी जुनी लाईन बंद करणार. तारीख महिन्यापूर्वीच ठरलीय. बाराच्या आत तुमचं सगळं सुरू करून देते, मग तर झालं?"

बाराचीच तर धास्ती होती.

ताईचं ऑफिस म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या सहा केबिनी. प्रत्येक केबिनीत एक कॅमेरा, एक स्क्रीन, मागे निळा पडदा आणि खुर्चीत एक दुभाषा. ऐकू न येणारी माणसं बँकेतून, कोर्टातून, दवाखान्यातून इथे व्हिडिओ कॉल लावायची. ती हातांनी बोलली की दुभाषा ते समोरच्याला तोंडाने सांगायचा आणि समोरचा बोलला की हातांनी त्यांना दाखवायचा. ताईचे आईवडील दोघंही जन्मापासून बहिरे. त्यामुळे ती तोंडाने बोलायच्या आधी हातांनी बोलायला शिकली, पाचव्या वर्षी घरची दुभाषी झाली आणि पुढे तोच तिचा व्यवसाय झाला.

आज बारा वाजता बाबा हृदयाच्या डॉक्टरांना भेटणार होते. झडप खराब झाली होती. ऑपरेशन करायचं की नाही, ते आज ठरायचं होतं. बाबांनी ताईला आधीच बजावलं होतं, "कॉल तुझ्याच ऑफिसला लावणार. पण दुभाषी तू नाही. प्रोफेसर."

प्रोफेसर म्हणजे तीन नंबरच्या केबिनीतले निवृत्त शाळामास्तर. हळू बोलणारे, पण स्वल्पविरामसुद्धा न गाळणारे. ताईला याचं वाईट वाटलं, पण भांडायला तोंड नव्हतं. तीन वर्षांपूर्वी आईच्या आजारपणात डॉक्टर म्हणाले होते, "फार तर दोन महिने." ताईच्या हातांनी आईबाबांना सांगितलं होतं, "वेळ लागेल, पण बरं वाटेल." आई दीड महिन्यात गेली. खरं काय होतं ते बाबांनी नंतर फायलीत वाचलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "मला तिच्याशी खूप बोलायचं होतं. वाटलं, वेळ आहे."

तेव्हापासून ताईचा एकच हट्ट होता, की या ऑफिसातून कुणाचाही शब्द अर्धा जाता कामा नये. आणि जुन्या लाईनवर नेमकं तेच व्हायचं. सहाही केबिनी सुरू झाल्या की स्क्रीनवर बोटं एकमेकांत मिसळायची. म्हणून पाचपट मोठी, फक्त ऑफिसपुरती राखलेली लीज लाईन घेतली होती आणि तिचा मुहूर्त नेमका आजचा निघाला होता.

राउटरबाईंचं काम पाहणं हा एक सोहळाच होता. त्यांनी जुन्या राउटरमधल्या सगळ्या सेटिंग कागदावर छापून आणल्या होत्या. एकेक ओळ नव्या राउटरमध्ये घालायची, पुन्हा वाचायची आणि मगच कागदावर पेन्सिलीने रेघ मारायची. शेजारी मोबाईल वाजला, चहा निवला, त्यांना पत्ता नाही. नव्या फायबरचं टोक त्यांनी बाळाचं नाक पुसावं तसं हलक्या हाताने पुसलं आणि खटकन बसवलं. दुसरा राउटर राखीव लाईनचा होता. मुख्य लाईन तुटली की तो आपणहून कामाला लागतो का, हे बघायला त्यांनी चाचणीच्या ऐन चालू कॉलमध्ये मुख्य लाईनची केबल उपटली. ताईचं काळीज हललं, कॉल मात्र हलला नाही. पन्नाशी उलटलेली ही बाई असं काम करते आणि जगाला हिचं नावही ठाऊक नसतं, असं ताईच्या मनात आलं.

दहा वाजता सगळं सुरू झालं. राउटरबाईंनी सहाही केबिनींत जाऊन "हॅलो, हॅलो, येतोय का आवाज?" करून पाहिलं. आवाज खणखणीत होता. "झालं ताई. आता बिनघोर राहा," त्या म्हणाल्या.

बाबा घरून निघायच्या आधी एकदा त्यांच्याशी कॉल करून पाहू, असं ताईनेच सुचवलं. राउटरबाई कॅमेऱ्यासमोर बसल्या आणि सवयीने म्हणाल्या, "हॅलो, हॅलो, आवाज येतोय?"

बाबा स्क्रीनवर खदखदून हसले. "ही काय म्हणतेय?" त्यांनी हातांनी विचारलं. शेजारी उभ्या ताईने सांगितलं. बाबा हातांनी म्हणाले, "तिला सांग, सत्तर वर्षं झाली, अजून नाही आला."

ताईने हसत हसत ते सांगितलं. राउटरबाईही हसल्या, ओशाळल्या. पण बाबांचं संपलं नव्हतं. "लाईन कानाने तपासतेस?" त्यांनी विचारलं. "मला मधेमधे तुम्ही दोघी दगडासारख्या थांबलेल्या दिसता."

राउटरबाईंचं हसू मावळलं. दुसरी एखादी असती तर म्हणाली असती, तुमच्या घरचं नेट खराब असेल, मोबाईल जुना असेल. कारणांना काय तोटा! यांनी लॅपटॉप उघडला आणि पाच मिनिटं आकडे बघत राहिल्या. मग स्वच्छ म्हणाल्या, "ताई, चूक माझी आहे."

"काय झालं?"

"लाईन भरली की कुणाला आधी सोडायचं, हे राउटरला सांगून ठेवावं लागतं. आम्ही सगळीकडे एकच नियम घालतो. आधी आवाज, मग चित्र, मग बाकीचं. वर चित्राला वेगाची हद्दही घालतो. तुमच्याकडे सहा वर्षांपूर्वी मीच घातला होता. आज डोळे झाकून तोच, त्याच जुन्या हद्दीसकट उचलला. लाईन पाचपट झाली, पण चित्राची वाट तेवढीच राहिली. आणि तपासलं ते कानाने. कान म्हणणारच, सगळं छान आहे!"

"आवाजही लागतोच की, डॉक्टरांचा."

"लागतो. पण आवाज तुटला तर माणूस 'काय म्हणालात?' विचारतो. हात तुटला तर?"

ताईला उत्तर पाठ होतं. त्यांच्या भाषेत 'नाही' म्हणजे पुष्कळदा मानेचा एक बारीक झटका. तेवढा क्षण निसटला तर 'गरज नाही'चं 'गरज आहे' होतं आणि काही निसटलं हे दोन्हीकडे कुणालाच कळत नाही. तिने ते सांगितलं तेव्हा राउटरबाईंनी पेन्सिल खाली ठेवली. "हे मला कुणी सांगितलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "मीही कधी विचारलं नाही म्हणा."

मग त्यांनी नियम नव्याने लिहिला, आधी हात आणि मग आवाज. तेवढ्यावर भागलं नाही. सहाही केबिनी सुरू करायला लावल्या, सगळ्या कॉम्प्युटरांवर मोठाल्या फायली उतरवायला लावल्या, स्पीकर बंद केला आणि बाबांना ताईकरवी विनंती केली, "बोटांवर आकडे दाखवा. भराभर. मनाला येतील ते." त्यांना खुणांची भाषा येत नव्हती, पण बोटं मोजता येत होती. बाबा दाखवत गेले, त्या लिहीत गेल्या. शंभर आकडे. पलीकडे घरी बाबाही लिहीत होते. शेवटी दोन्ही कागद कॅमेऱ्यासमोर जुळवून पाहिले. एकही आकडा चुकला नव्हता.

बाबांनी दोन्ही हात वर करून हवेत हलवले. "टाळ्या आहेत," ताईने सांगितलं. राउटरबाई लाजल्या आणि लगबगीने राउटरच्या खोलीत निघून गेल्या.

बारा वाजता दवाखान्यातून बाबांचा कॉल आला. प्रोफेसर खुर्चीत बसले. ताई केबिनीच्या कोपऱ्यात, पडद्याला टेकून उभी राहिली. आपण स्क्रीनवर येत नाही, असं तिला वाटत होतं. जुन्या लाईनवर ती पडद्यात मिसळूनही गेली असती.

डॉक्टर बोलू लागले, प्रोफेसरांचे हात चालू लागले. बाबांची नजर त्यांच्या हातांवरून जरा बाजूला गेली आणि तिथेच थांबली. त्यांनी प्रोफेसरांना थांबायची खूण केली.

"मागे माझी मुलगी उभी आहे. तिचे डोळे भरलेत." मग थेट ताईकडे बघून म्हणाले, "इकडे ये. आता तू सांग. पण सगळं."

प्रोफेसर उठले. ताई बसली.

डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशन केलं नाही तर वर्षभर, फार तर दीड. केलं तर पुढे चांगली दहा वर्षं मिळू शकतात. पण या वयात, अशा हृदयाचे पाच जण टेबलावर घेतले तर त्यातला एक परत येत नाही."

ताईचे हात उचलले गेले. वर्षभर, फार तर दीड. दहा वर्षं. पाच जण. शेवटच्या वाक्याशी ते हवेत थबकले. या वाक्याला पन्नास पळवाटा होत्या आणि तिला त्या सगळ्या येत होत्या. बाबा पापणी न लववता बघत होते. त्यांचं उत्तर याच वाक्यावर अडून राहिलं होतं.

एक परत येत नाही, तिने सांगितलं. मानेचा झटका नीट दिला, बाबांना दिसेल असा.

बाबांची बोटं चाळवत होती. मग ते सरळ बसले आणि त्यांनी डॉक्टरांना एक प्रश्न विचारला. दुभाष्याने हातांनी बोलणाऱ्याचं म्हणणं 'मी' म्हणूनच सांगायचं असतं. ताईने तो प्रश्न मोठ्याने म्हटला.

"डॉक्टर, त्या उरलेल्या चौघांत यायला मी काय करायला हवं?"