सात हात

निळी जर्सी, नंबर तेरा. पौर्णिमाची आई मुक्ताबाई ती आता शिलाई मशीनवर झाकण म्हणून टाकते.

डाव्या गुडघ्याचा एक्स-रे. डॉक्टर म्हणाले होते, यापुढे पळायचं ते फक्त एसटीमागे.

पाटोद्यात दसऱ्याला एका लोखंडी खांबाला हार घालतात.

मोबाइलवर आलेला दोन शब्दांचा निरोप : ताई, आठ.

एक हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. दीड फूट. माणसागणिक थोडं कमी-जास्त.

"ताई, आपली रिंग उंच हाय का?"

राजनंदिनीने चेंडू काखेत धरून विचारलं. बाकीच्या पोरी पाणी प्यायला गेल्या होत्या.

"कावून?" पौर्णिमाने तोंडातली शिट्टी काढली.

"मावशीकडं आष्टीला गेलते ना. तिथल्या शाळेत टाकून बघितलं. समदे चेंडू रिंगवरून पल्याड. एक बी आत न्हाई."

"रिंग बरोबर हाय. तुजा हात चुकला आसंल. टाक अजून पन्नास."

राजनंदिनी मुकाट्याने रेषेवर गेली. चेंडू उंच चढला, वर क्षणभर थांबल्यासारखा झाला आणि सरळ जाळीत उतरला. दुसरा तसाच. तिसरा तसाच. हात अजिबात चुकत नव्हता.

पौर्णिमाचाही चेंडू असाच उंच चढायचा. सिकंदराबादला रेल्वेच्या बास्केटबॉल संघात अकरा वर्षं, मग बेंगळुरूच्या व्यावसायिक संघात दोन हंगाम. छताला लागून येतो म्हणायचे. मग गुडघा गेला. प्रशिक्षकाचं प्रमाणपत्र घेऊन ती गावी परतली आणि गेली चार वर्षं रोज सकाळी ज्या खांबाखाली शिकली, त्याच खांबाखाली पोरींना शिकवत होती. गाव त्याला पौर्णिमाची रिंग म्हणायचं. ह्याच रिंगवर शिकली आणि पहिल्या झटक्यात निवडली गेली, असं गाव सांगायचं. तिने कधी ते खोडलं नव्हतं.

खांब उभा केला होता गहिनीनाथने. त्याचं वेल्डिंगचं दुकान. उसाच्या ट्रॉल्या बांधण्यात जन्म गेलेला. हेडमास्तरांनी दहा फूट सांगितलं होतं. टेप सापडेना, तेव्हा त्याने हाताने मापलं. सहा हात आणि वर थोडं. 'लोकंड मागून वाढत न्हाई, सातच घ्या,' म्हणून सात घेतले.

क्रीडा वसतिगृहाची निवड चाचणी नऊ दिवसांवर आली होती. दहापैकी सात चेंडू आत गेले तरच पुढचं बघणार. राजनंदिनीच्या आईबापाची टोळी दसरा झाला की ऊसतोडीला निघणार. निवड झाली तर ती वसतिगृहात राहील. नाही तर फडाजवळच्या कोपीवर, पाचटाच्या झोपडीत, भाकरी थापायला आणि धाकट्याला सांभाळायला जाईल. मागच्या साली इथेच शिकलेल्या चैतालीचे चाचणीत तीनच आत गेले होते. पौर्णिमा तिलाही म्हणाली होती, तुजा हात चुकला. ती टोळीबरोबर गेली ती पुन्हा मैदानावर आली नाही.

त्या संध्याकाळी पौर्णिमा वेल्डिंगच्या दुकानात गेली. वाटेत तिने बरंच काही जुळवलं होतं. तोंडून निघालं एवढंच, "काका, रिंग खाली घ्यायची हाय."

"किती?"

"सहा इंच."

गहिनीनाथने काळा चष्मा कपाळावर चढवला. "साडेसहा. माजा हात जरा मोठा हाय."

"तुमाला ठाव व्हतं?"

"तू रेल्वेत लागलीस त्या साली मोजली म्या, गुपचूप. म्हनलं, आता खाली घ्यावी तर लोक म्हनतेन पोरीचं समदंच खोटं. तू कावून न्हाई बोललीस?"

"तुमी दर दसऱ्याला तिला हार घालता."

म्हातारा खोकत खोकत हसला. "येडे हौत आपन दोगं बी. चल, मशीन उचलू लाग."

सकाळी खांब बुडाजवळ कापायला घेतला तेव्हा मैदानावर माणसं जमली. रिटायर ग्रामसेवक विठ्ठलराव म्हणाले, "नशिबाची रिंग हाय बे. कशाला हात लावतो?"

"नशिबाची न्हाई, माज्या हाताची हाय," गहिनीनाथ म्हणाला. "सरका तिकडं, ठिणग्या उडतेत."

साडेसहा इंचाचा तुकडा निघाला. खांब परत जोडला. पौर्णिमाने टेप लावून तीनदा मोजलं.

राजनंदिनीचे पहिले दहाही चेंडू पलीकडे गेले. ती रेषेवरच थांबली. "ताई, माजा हात..."

"तुजा हात बरोबर व्हता. रिंग चुकली व्हती. मला ठाव व्हतं आन मी खोटं बोलले."

राजनंदिनीने चेंडू दोनदा जमिनीवर आपटला. "मंग आता सांगा, किती दाबून टाकू?"

दुपारी पौर्णिमाने चैतालीला फोन लावला. ती उमापूरला आत्याकडे कापूस वेचत होती.

"चैताली, रिंग उंच व्हती. तुजा हात चुकला नव्हता."

"लई उशिरा सांगितलं, ताई."

"व्हय."

"आता कितीवर हाय?"

"दहा फुटावर."

"सकाळी किती वाजता आसतंय?"

"सहाला."

"पाठीवर कापूस हाय. ठिवते," म्हणून तिने फोन ठेवला.

आठ दिवस रोज दोनशे चेंडू. रविवारी चाचणी झाली आणि पावणेबाराला राजनंदिनीचा निरोप आला. ताई, आठ. पौर्णिमा तो निरोप घेऊन लंगडत वेल्डिंगच्या दुकानात गेली. गहिनीनाथला वाचता येतं, तरी त्याने तो तिच्याकडून दोनदा वाचून घेतला.

दसऱ्याला त्याने झेंडूचा हार मधोमध तोडला. अर्धा खांबाला बांधला. उरलेला अर्धा दुकानातल्या ऐरणीशेजारी ठेवलेल्या साडेसहा इंचाच्या तुकड्याला.

२००३ साली औरंगाबादला झालेल्या स्वतःच्या पहिल्या निवड चाचणीत पौर्णिमाचे दहाच्या दहा चेंडू रिंगवरून पलीकडे गेले होते.