शेवटच्या पाळीची तारीख

नाव: हेमांगी. वय: सव्वीस. मुलं: दोन, धाकटी दहा महिन्यांची.

शेवटची पाळी कधी?

फोनवरचा फॉर्म भरताना इथे बोट अडलं.

चांदीपला त्यांच्या घरी रेंज मिळते ती फक्त मागच्या पेंढ्याच्या उडवीपाशी. गाऊनवर ओढणी घेऊन हेमांगी तिथे उभी होती. पडद्यावर माणिकपूरच्या डॉक्टर कॅरल. मागच्या बाळंतपणात हेमांगीला तीन बाटल्या रक्त चढवलं होतं. आता पुन्हा दिवस गेले होते, आणि तिसरं मूल तिला नको होतं. नवरा, कल्पेश, म्हणाला होता, “तू म्हणशील तसं. फक्त आईला कळू देऊ नको.”

“तारीख आठवा,” डॉक्टर म्हणाल्या. “नऊ आठवड्यांच्या आत असेल तर तपासून गोळ्या देता येतील, संध्याकाळी घरी. पुढे गेलं असेल तर दवाखान्यात राहावं लागेल.”

राहायचं, तर अंगावर पिणारी पोर कुठे ठेवायची? सासूला काय सांगायचं?

“हळवं भात पोटरीत होतं तेव्हा, मॅडम. कणीस बाहेर यायचं होतं.”

“म्हणजे कुठली तारीख?”

भाताला कुठली तारीख.

(चित्र गोठलं. दोन पावलं डावीकडे. आवाज आला.)

फोनमधून नव्हे.

“गौर आली त्या सकाली.”

उडवीच्या पलीकडून सासू उठली, भागूबाई, हातात पेंढ्याचा भारा. “ही बाजूला बसली, म्हनून गौरीचं सूप धरून घरभर मी फिरले. गुडघं आठ दिस ठनकत व्हतं. मी कशी इसरेन?”

हेमांगीही विसरली नव्हती. मागच्या खोलीत बसून तिने गाणी ऐकली होती, आणि ती रडली होती. फक्त तो दिवस मोजायला धरायचा, हे सुचलं नव्हतं.

“कोण आहे तिथे?” डॉक्टरांनी विचारलं. “त्यांच्यासमोर बोलायचंय का? नाहीतर मी नंतर फोन करते.”

“मी जाते,” भागूबाई म्हणाली. “पन दीड महिना ही बाजूला बसली नाय. मला काय दिसत नाय?”

हेमांगीने तिच्याकडे पाहिलं.

“राहू द्या त्यांना. बोला, मॅडम.”

कॅलेंडरची पानं उलटल्याचा आवाज.

“एकतीस ऑगस्ट. साडेसहा आठवडे. उद्या दहाला या, तपासून बघू.”

शेवटची पाळी कधी? ३१ ऑगस्ट. हेमांगीने टाइप केलं. पुढची चौकट उघडली.

“पोर मी सांभालते,” भागूबाई म्हणाली. “मॅडमला इचार, कापनीला कवा येशील.”

“आठवडाभर तरी नको,” फोनमधून उत्तर आलं.

“मंग पंधरा दिस,” म्हणत भागूबाई भारा उचलून गोठ्याकडे गेली.