मध्ये आलेली फांदी

“या घरात कांदा परतायचीसुद्धा चोरी झालीय,” कढई आपटत डेलोरेस पुटपुटली. “जंगलात अजून पानं हिरवीगार, आणि माझ्या स्वयंपाकघरात आत्तापासून सोवळं!”

मित्रांनो, मी या घरातलं एक जुनं धनुष्य आहे. ऑगस्टातल्या त्या सकाळी मी मागच्या दाराशी खुंटीला लटकत होतो, म्हणून ही कुरकुर माझ्या कानी आली. बाहेर दोरीवर तिच्या नवऱ्याचे, आर्विडचे, शिकारीचे कपडे वाळत होते. वास नसलेल्या साबणानं धुतलेले. वाळले की देवदाराच्या पाल्यासकट पेटीत बंद, ते थेट सप्टेंबरात शिकारीचा हंगाम उघडेपर्यंत. हरणाचं नाक मोठं वस्ताद असतं. कपड्यांना कांदा लागला की टेकडीपलीकडची हरणंही शेपटी वर करून पसार होतात. म्हणून कपडे वाळेपर्यंत कांदा बंद, लसूण बंद, आणि डेलोरेसचं तोंड मात्र चालू.

मी चित्रातल्या रामाच्या धनुष्यासारखा दिसत नाही. माझ्या दोन्ही टोकांना चाकं आहेत आणि दोरी त्यांवरून फिरते. एका कारखान्यात माझी दोन पाती घडली. प्रत्येक पातं एकेका बोल्टनं मधल्या मुठीला आवळलेलं असतं. बोल्ट आवळला की मी ताठ होतो, ढिला केला की मऊ. या दोन बोल्टांकडे लक्ष असू द्या. पुढचं सगळं महाभारत त्यांच्यावरूनच झालं.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या या टेकड्यांत आर्विड टोलेफसननं मला आणलं, तेव्हा त्याची मुलगी ब्रिट्टा रांगत होती. तो दूध काढायचा, मका पेरायचा, पण त्याचा जीव माझ्यात. हंगाम थंडीत संपतो, पण आमचं काम संपत नाही, मित्रांनो. लग्न एका दिवसाचं आणि तयारी वर्षाची, तसंच हे. बर्फ पडत असताना तो तळघरात माझ्या दोरीला मेण चोळायचा. बर्फ वितळलं की जंगलात हरणांच्या वाटा शोधायचा, ओकच्या झाडावरच्या मचाणाचे पट्टे तपासायचा. आणि भर जुलैत, घामाच्या धारा लागलेल्या असताना, जाडजूड हिवाळी कोट घालून व्हरांड्याच्या छपरावर चढायचा आणि खाली अंगणातल्या फोमच्या हरणावर बाण सोडायचा.

“आर्विड, बर्फ पडतंय का रे वर?” शेजारचा वेंडेल कुंपणावरून ओरडायचा.

“तुझ्या अकलेवर पडलंय, ते दिसतंय इथून!”

वेंडेलला ठाऊक नव्हतं असं थोडंच? थंडीत कोटाची बाही जाड असते, दोरी तिला अडकते. मचाणावरून बाण खाली मारायचा असतो. जे तिथं करायचं, ते इथं करून बघायचं. ऑगस्टात तर आर्विड रोज सकाळी, कॉफीच्याही आधी, एकच बाण मारायचा. दुसरा नाही. “जंगलात दुसरा मिळत नाही,” म्हणायचा. “आणि पहिला चुकला तर त्याची शिक्षा आपल्याला नाही होत, हरणाला होते.”

किती कौतुक झालं माझं! डेलोरेस हरणाच्या मांसाची सॉसेज करायची, शेजारीपाजारी वाटायची, आणि आर्विड पाहुण्यांना खुंटीवरच्या मला दाखवायचा. “घरातला एकटा हाच माझं ऐकतो,” म्हणायचा. मला ते खरं वाटायचं.

मग गेल्या वर्षीचा शरद ऋतू आला.

ओकखाली हरणाची एक मादी आली होती. आर्विडनं मला ओढायला घेतलं आणि त्याचा खांदा थरथरला. पुन्हा ओढलं. दात आवळून, कसाबसा. बाण सुटला तो तिच्या मागच्या मांडीत. ती उडी मारून गेली. ब्रिट्टा आणि वेंडेल मदतीला आले. रक्ताचे थेंब शोधत तिघं दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत हिंडले. ओढ्यापाशी थेंब संपले. हरीण सापडलं नाही.

आर्विड पाण्याकडे बघत म्हणाला, “मध्ये फांदी आली.”

“येते,” वेंडेल म्हणाला.

“हो बाबा, तिथं फांद्या फार आहेत,” ब्रिट्टा म्हणाली.

घरी डेलोरेसनं गरम जेवण पुढ्यात ठेवलं आणि फांदीला दोन शिव्या घातल्या. त्या फांदीला चौघांनी मिळून असं वाढवलं की हिवाळाभर तिला पालवी फुटत राहिली.

फेब्रुवारीत एकदा आर्विड गावात गेला असताना ब्रिट्टा तळघरात आली. मला वाटलं, मेण लावायला आली. तिनं पाना घेतला आणि माझे दोन्ही बोल्ट ढिले केले. मग मी होतो तसा मला खुंटीला लावून, बोल्टावरचा हाताचा डाग पुसून गेली. मित्रांनो, याच मुलीला मी लहानपणी दोरी छेडून वाजवू दिली होती.

मे महिन्यात आर्विडनं मला ओढलं आणि मी लोण्यासारखा ओढला गेलो. त्याचा चेहरा काय फुलला! “डेलोरेस! खांदा बरा झाला गं माझा! काय तुझे ते डॉक्टर, म्हणे झीज झालीय!” गावभर सांगत सुटला. अनुभवी माणूस, पण बोल्टांकडे बघितलं नाही. मनासारखं घडलं की कोण कशाला चौकशी करतो? डेलोरेसनं ब्रिट्टाकडे पाहिलं, ब्रिट्टानं भांडी धुवायला घेतली, आणि काही बोलायचं नाही हे सगळ्यांचंच ठरलं.

पण छपरावर चढल्यावर माझं पितळ उघडं पडू लागलं. मऊ धनुष्याचा बाण लवकर खाली येतो. आर्विड नेम धरायचा छातीवर, बाण जायचा फोमच्या हरणाच्या पायाशी. नियम असा की बाण खाली पडला तर माझ्या मुठीवरच्या खाचेतला नेम धरायचा काटा खाली सरकवायचा. तो सरकवत गेला. दोरी बदलली, बाण बदलले. शेवटी काट्याची खाच संपली, काटा सरकायला जागा उरली नाही. तेव्हा त्यानं मला हातात धरलं आणि म्हणाला, “तूच दगा दिलास.”

मी! आम्हाला तोंड असतं तर.

कांद्यावरून कुरकुर झाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी अंगणात जुन्या सामानाची विक्री होती. फुटकी किटली, ब्रिट्टाचे लहानपणचे स्केट, आणि त्यांच्या शेजारी मी. गळ्यात कागद, आर्विडच्या अक्षरात: ‘नेम धरत नाही.’ येणारे जाणारे वाचून हसत होते. वस्तूंना जपा, धूळ पुसा, तेल द्या, हे तुम्हाला शाळेत सांगतातच. माझं मागणं वेगळं आहे. माणसाला जे सांगायचं, ते माणसालाच सांगा. आमचे बोल्ट ढिले करून सांगू नका. आम्हाला खोटं बोलायला लावता, आणि वर कागदही आमच्याच गळ्यात.

वेंडेल आला. त्यानं मला उचललं, सहज ओढलं आणि खो खो हसला. “अरे, हे काय नातवंडांसाठी लावलंस? यानं सशाचीसुद्धा करमणूकच होईल!”

हसणारा तो एकटाच होता.

आर्विडनं मला त्याच्या हातातून घेतलं. चष्मा कपाळावरून डोळ्यांवर ओढला आणि बाहेर आलेल्या बोल्टांवरून अंगठा फिरवला.

“कुणी?”

ब्रिट्टानं लिंबूपाण्याचा जग खाली ठेवला. “मी, बाबा.”

“माझ्या पाठीमागं?”

“तुमच्या समोर या घरात कुणी काही बोलतं का?”

“आणि मी मूर्ख गावभर सांगत सुटलो, खांदा बरा झाला म्हणून!” त्याचा आवाज चढला आणि मध्येच फाटला. “असाच हा घेऊन सप्टेंबरात मचाणावर बसलो असतो. बाण अर्धाच घुसला असता. मग गं?”

“मला वाटलं, बाण खाली पडताना बघून तुम्ही आपणहून शिकार...”

“आपणहून काय?”

डेलोरेस रस्त्याकडे बघू लागली. वेंडेल घाईघाईनं म्हणाला, “चल, सोड ना. पाना आण, आवळ, अजून वेळ आहे. हात चांगलाय रे तुझा. गेल्या वर्षी ती मेली फांदी मध्ये आली नसती तर—”

आर्विडनं माझ्या गळ्यातला कागद काढला. मग त्यानं तो घडी करून स्वतःच्या खिशात ठेवला.

“फांदी नव्हती, वेंडेल,” तो म्हणाला.