सुई तुटण्याआधीचा आवाज

मंगळवारी सकाळी सव्वाअकरा वाजता डॉक्टरबाईंनी मेकॅनिकपुढे कागद सरकवला. कॅन्सरची गाठ काढून महिना झाला होता. आता औषध निवडायचं होतं. कागदावर दोन नावं, प्रत्येकापुढे सहीची जागा.

“पहिलं जोरकस आहे,” त्या म्हणाल्या. “तुमच्यासारख्या शंभरांतले सत्तर जण पाच वर्षांनी हिंडतेफिरते असतात. दुसऱ्याने साठ. पण पहिल्याने बऱ्याच जणांना बारीक, वरच्या पट्टीतले आवाज ऐकू येईनासे होतात. गेले की परत येत नाहीत. आधी कान तपासून घ्या. शुक्रवारी दहापर्यंत कळवा.”

शिलाई मशीन दुरुस्त करण्यात त्याची सदतीस वर्षं गेली होती, तीही कानांच्या जोरावर.

तपासणीच्या खोलीत हेडफोन लावले. आवाज आला की बटण दाबायचं. त्याने ते इतक्यांदा दाबलं की तपासणारी मुलगी वैतागून आत आली.

“काका, मी आवाज सोडलाच नव्हता. अंदाजपंचे दाबताय का?”

“बाहेरचा पंखा मधूनच घासतोय. बेअरिंग गेलंय त्याचं.”

ती पंख्याखाली जाऊन उभी राहिली. तिला काही ऐकू आलं नाही. तिने कागदावर शेरा मारला : पुन्हा तपासणी, शुक्रवारी साडेनऊ.

दुकानात परतल्यावर त्याने हातात काम घेतलंच नाही. याच बाकावर वडील त्याला भिंतीकडे तोंड करून बसवत आणि पाठीमागे मशीनचं चाक फिरवत. “सांग, काय दुखतंय त्याला?” सुई खालच्या दोऱ्याच्या शटलवर आदळण्याआधी केसाएवढं ‘चिक’ वाजतं. ते ओळखायला त्याला दोन वर्षं लागली. ओळखलं त्या दिवशी वडिलांनी चहा मागवला, एवढंच कौतुक.

बायकोही त्याला त्या ‘चिक’मुळेच भेटली. रस्त्यावरून जाताना वरच्या मजल्यावरचं मशीन ऐकून तो न बोलावता जिना चढला. “तुमची सुई तुटणार आहे.”

“तुम्ही कोण, ज्योतिषी?” तिने पाय न थांबवता विचारलं. आणि सुई तुटली.

आता तीच म्हणाली, “तीस वर्षांत माझं एक ऐकलं नाहीत, आणि ऐकू येणार नाही म्हणून जीव टांगणीला लावलाय!”

“मग काय करू?”

“मला पहिलं औषध हवंय. पण शरीर तुमचं आहे.”

गुरुवारी संध्याकाळी तिने तेच जुनं मशीन बाकावर ठेवलं, त्याच्या नकळत काहीतरी बिघडवलं आणि “कानांशिवाय हाताला किती कळतं बघू,” म्हणत त्याच्या कानांत कापूस कोंबला. वर मफलर बांधला. त्याने डोळे मिटून मशीनच्या अंगावर तळवा टेकवला. तिने चाक फिरवलं.

“पट्टा सैल,” तो म्हणाला. बरोबर.

“कापड सरकवणारं दाताळं झिजलेलं लावलंस.” तेही बरोबर.

तिसऱ्या वेळी तो बराच वेळ तळवा सरकवत राहिला. “काही नाही. ठीक चाललंय.”

त्याच क्षणी सुई तुटली.

तुकडा तिने ओच्यात वेचला. त्याने मफलर सोडला आणि म्हणाला, “तिनांत दोन.”

“सत्तर आणि साठ,” ती म्हणाली.

शुक्रवारी साडेनऊला तो पुन्हा त्या खोलीत बसला. या वेळी मुलीने पंखा बंद केला होता. दहाला पाच कमी असताना सहीचा कागद अजून बायकोच्या पर्समध्येच होता. दोन्ही नावांपुढची जागा कोरी होती.