ओट्यावरची रेंज

लग्न झालं आणि मी बुऱ्हाणपूरहून तापीतल्या या बेटावर आले. घरं नऊ, बाकी केळी आणि पाणी. मोबाइलला रेंज फक्त मोटारपंपाच्या ओट्यावर, आणि तो ओटा भर वस्तीत! आईशी दोन शब्द बोलावेत, तर नऊ घरं ऐकणार. महिनाभर मी नुसती धुसफुसत होते.

मग डोकं चाललं. एका संध्याकाळी बाया ओट्याशी जमल्या असताना मी बंद फोन कानाला लावला आणि मोठ्यानं म्हणाले, “आई, सासूबाई मला भांड्यांना हातसुद्धा लावू देत नाहीत गं!”

भांडी रोज मीच घासत होते. बायांनी सासूबाईंचं तोंडभरून कौतुक केलं. दुसऱ्या दिवसापासून सासूबाई निमूटपणे भांडी घासायला बसू लागल्या.

आठवड्यानं सासूबाई स्वतः ओट्यावर चढल्या. फोन कानाला लावून म्हणाल्या, “माय, सून एकदम गुणाची भेटली. पहाटे पाचला उठून सगळ्यांचा चहा करते!”

मी सातशिवाय कधी उठले नव्हते. सगळ्या बाया माझ्याकडे बघून कौतुकानं माना डोलवू लागल्या. सासूबाईंची माय जाऊन अकरा वर्षं झालीत, हे त्यांतल्या प्रत्येकीला ठाऊक होतं.

मी मुकाट्यानं पाचचा अलार्म लावला.